कागदाच्या तीन प्रती

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२४

तीर्थरूप उद्धवदादास,
अंबिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण गोष्ट घाबरण्यासारखीच आहे. आपल्या भक्तीला रक्ताचा कॅन्सर निघाला. महिनाभर ताप उतरत नव्हता. बोरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून परभणीला पाठवलं आणि परभणीवाल्यांनी इकडे. आज दवाखान्यात आठवा दिवस. पहिले तीन दिवस मी नुसती रडत होते. शेवटी भक्तीनंच मला दटावलं की आई, तुझं नाक लाल झालंय, वॉर्डातल्या पोरी हसायल्यात. तेरा वर्षांची पोर मला धीर देते आणि मी घेते.

इथल्या डॉक्टर योगिनी मॅडम लय चांगल्या आहेत. या वयात हा आजार बरा होतो, बरीच मुलं उठून आपल्या पायांनी घरी जातात, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गोळ्या आहेत, आणि दर शुक्रवारी शिरेतून एक सुई. पहिली काल झाली.

औषध सुरू करण्याआधी मॅडमनी विचारलं की घराण्यात कुणाला नसांचा आजार आहे का, कुणाच्या पोटऱ्या बारीक, पावलं वाकडी, चालताना ठेच लागते असं आहे का. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी नाही म्हणाले. मग मॅडमची नजर माझ्या पावलांवर गेली. उंच टाच असल्यासारखं पाऊल, आखडलेली बोटं, पट्टा बांधल्याशिवाय चप्पल टिकत नाही, हे झाकून किती झाकणार. मग लग्नात आईनं पढवलेलं तेच सांगितलं, लहानपणी बाभळीचा काटा मोडला आणि पिकला. सोळा वर्षं तो काटा कामाला येतोय. दोन्ही पायांत सारखाच कसा मोडला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

फोनवरच बोलले असते, पण मळणीयंत्रानं तुझे कान खाल्ले आणि माझा फोन सासूबाईंच्या पिशवीत असतो. म्हणून त्या दुपारी पडल्या की लिहिते. पत्र परभणी गाडीच्या कंडक्टरकडे देते, स्टँडसमोर काकांच्या चंद्रभानच्या दुकानात पोचेल, तो झरीला पाठवील. हे नोकरीमुळे शनिवारीच येतात. आईला हळू सांग, एकदम सांगू नकोस.

वहिनीस नमस्कार. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
अंबिका


॥ श्री ॥
झरी
१२ जून २०२४

चि. सौ. अंबिकेस,
उद्धवदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. आईला हळूच सांगायला बसलो, तर माझं तोंड बघूनच ती म्हणाली की कुणाचं वाईट झालंय ते आधी सांग. मग सगळंच वाचून दाखवलं. ती देवापुढं बसली ती जेवायलाही उठली नाही. पण मॅडम बरी होईल म्हणतात ना, तर होईल. भक्ती चिवट आहे. मागच्या दिवाळीत खो-खो खेळताना चारदा आपटली आणि पाचव्यांदा पळायला उभी राहिली, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

काट्याचं उत्तर बेस दिलंस. आई म्हणाली, माझी लेक पहिल्यापासून हुशार. सासूसमोर माहेराचं झाकावं लागतंच, त्यात वावगं काही नाही. आणि भक्तीच्या आजाराशी त्याचा काय संबंध.

इकडची खुशाली म्हणशील तर सोयाबीन पेरायचं चाललंय, उरकलं की येतो. मागच्या महिन्यात मी आजारी पडलो होतो, तुला कळवलं नाही. लघवीला जळजळ आणि ताप. दवाखान्यात गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन आबांचा हैद्राबादचा कागद काढला, नाव जुळवून पाहिलं, तर नेमकं तेच औषध आपल्याला चालत नाही. गोळ्या परत नेऊन दिल्या. डॉक्टर तापला, म्हणाला की मग तुमीच का न्हाई डॉक्टर होत. चंद्रभानचंही असंच. परवा दाढ काढायला कागद घेऊन गेला, तर दातवाला हसायला लागला. हसू दे बापडा. पाय आमचे आहेत.

तुझी वहिनी भक्तीसाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवते आहे. डॉक्टरांना विचारून दे. तू जेवत जा. रागावलीस तरी चालेल पण उपाशी राहू नकोस.

आमचं चित्त तिकडेच लागलं आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
उद्धवदादा


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १८ जून २०२४

ती. दादास,
अंबिकाचा नमस्कार.

हे पत्र हातात पडेल त्या घडीला वाच. पेरणी राहू दे.

शुक्रवारी दुसरी सुई झाली. रविवारी भक्ती संडासला उठली आणि पावलं उचलेनात. ओल्या गोणपाटासारखी फरपटत होती. काल तिच्या हातातून चमचा पडला. मी भरवते म्हटलं तर रागावली, पुन्हा उचलला, पुन्हा पडला. शेवटी तोंड फिरवून झोपली. मॅडम म्हणतात की या औषधानं हातापायाला थोड्या मुंग्या येतात, पण दोन सुयांत इतकं झालेलं त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनी आज मला पुन्हा विचारलं. घराण्यात खरंच कुणाला नाही ना. सासूबाई भक्तीचे पाय चेपत होत्या. दादा, मी पुन्हा नाही म्हणाले.

म्हणाले, आणि बाहेर जिन्यात येऊन बसले. तुझं पत्र ब्लाउजमध्ये होतं. लाडू आले तेव्हा मी ते भरभर वाचलं होतं, आज नीट वाचलं. कोणता हैद्राबादचा कागद? आबा पायासाठी हैद्राबादला गेले होते एवढं मला माहीत आहे, पुढचं कुणी सांगितलं नाही. आपल्याला चालत नाही असं लिहिलंयस, ते आपल्याला म्हणजे कुणाला? तू, चंद्रभान, आणि मी? भक्ती चालते माझ्यासारखी, पडते माझ्यासारखी. तू तिला चारदा आपटताना बघितलंस ते उगीच का.

तिच्या सुईचं नाव बाटलीवरून उतरवून घेतलंय. विनक्रिस्टीन. कागदात हे नाव आहे का, एवढंच सांग. मी तुला दोनदा फोन लावला. तू दोन्ही वेळा बरं बरं, येतो येतो म्हणालास आणि ठेवलास. तुला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. वहिनी माहेरी गेलेल्या, आईला फोन धरता येत नाही, चंद्रभानचा लागत नाही.

पुढची सुई शुक्रवारी सकाळी आहे. नाव नसेल तर मी उगीच संसारात काडी घालत नाही. असेल तर सगळ्यांसमोर मॅडमचे पाय धरून खरं सांगते. तुझ्या उत्तराची वाट बघते आहे. मला एकटीनं ठरवायला जमत नाही.

अंबिका


॥ श्री ॥
झरी
२७ जून २०२४

चि. सौ. अंबिकेस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तू दवाखान्यात माझ्याशी बोलली नाहीस, ते योग्यच केलंस. पण मला जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून लिहितो. वाचायचं का फाडायचं ते तू ठरव.

तुझं पत्र मला बुधवारी सकाळीच मिळालं होतं. चंद्रभाननं उशिरा पोचवलं असं मी भक्तीच्या बाबांना सांगितलं, ते खोटं.

ज्या साली भक्ती जन्मली त्याच साली आबांना घेऊन मी हैद्राबादला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्त तपासलं आणि सांगितलं की हा आजार बापाकडून, आईकडून लेकरांत उतरतो. तीन परदेशी डॉक्टरांच्या नावाचा आजार आहे. मरण येत नाही, पण नसा आधीच कच्च्या, त्यामुळे काही औषधं विषासारखी लागतात. त्यांची यादी करून दिली आणि बजावलं की रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना द्या. आबांनी परभणीत तीन प्रती काढल्या. एक मला, दोन काकांच्या पोरांना, चंद्रभानला आणि रामला. तुझी काढू का, असं दुकानात मीच विचारलं होतं. आबा म्हणाले की लेक दिली, तिचं गोत्र बदललं, तिची लेकरं त्या घरची. आणि असला कागद तिच्या सासरी गेला तर तिला परत आणून सोडतील. मला ते पटलं. बारा बुकं शिकलेला मी, मला ते पटलं, अंबिका. बीज बापाचं, असंच आपण धरून चाललो. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की आबांचे पाय तुझ्यातून पुढं जातील. तुझे पाय लहानपणापासून बघत असून आलं नाही.

बुधवारी पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं माझा हात धरून सांगितलं की लेकीचा संसार मोडू नको, सोळा वर्षं झाकलंय, पोरगी तशीबी बरी व्हईल. मीही स्वतःला समजावलं की भक्ती त्या घराची आहे, तिला आपलं कसं असेल. कागद ट्रंकेत होता, चार पावलांवर. मी तो उघडला नाही, कारण उघडला असता तर कळलं असतं. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी पहाटे राहवलं नाही. तुझं पत्र एका हातात आणि यादी एका हातात. पहिल्याच ओळीत ते नाव होतं.

तेव्हा तरी भक्तीच्या बाबांना फोन करवायला हवा होता. शेजारचं पोरगं फोन घेऊन उभं होतं. पण फोन केला असता तर सगळं त्यांना सांगावं लागलं असतं. मला वाटलं, आपण स्वतः जाऊ, मॅडमच्या कानात सांगू, बाहेर फुटायचं नाही. म्हणून गाडीत बसलो. पोचलो तेव्हा एक वाजला होता. सुई साडेदहाला झालेली.

मॅडमनी कागद वाचला, पेन काढलं आणि भक्तीच्या कागदांवरची ती सुई खोडली. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला माफी मागायची नाही, तेवढी माझी लायकी नाही. काय करू ते सांग. सांगशील ते करीन.

तुझा,
उद्धव


॥ श्री ॥
बोरी
२५ ऑगस्ट २०२४

ती. उद्धवदादास,
अंबिकाचा नमस्कार.

तुझं पत्र फाडलं नाही. दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की शिव्याच येत होत्या, आणि निम्म्या माझ्याच नावाच्या होत्या.

आम्ही आठ दिवसांसाठी घरी आलो आहोत, पुन्हा जायचं आहे. भक्ती उभी राहत नाही. दोन्ही पायांना प्लॅस्टिकचे साचे बांधून भिंतीला धरवलं तर मिनिटभर टिकते. पेला दोन तळव्यांत दाबून पाणी पिते, बटण लागत नाही. आवाज बसलाय तो अजून उघडला नाही. मैत्रिणी आल्या तर ती बोलत नाही, नुसती हसते. मॅडम म्हणाल्या की नसा थोड्या भरून येतील, सगळ्या नाही, आणि वर्ष तरी जाईल. ती सुई कायमची बंद केली. पण त्या सुईशिवाय हा आजार आवरायला अवघड. दुसरी औषधं सुरू आहेत, रक्त आत्ता बरं आहे, पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही. आधी कळलं असतं तर सुरुवातच वेगळी केली असती, असं त्या एकदाच म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या नाहीत.

तुझ्यावर सगळं टाकून मोकळं व्हावं असं लय वाटतं. पण मला त्या बाईनं दोनदा विचारलं होतं. तुझा कागद ट्रंकेत होता, माझे पाय तर माझ्यापाशीच होते. तुझ्या उत्तराची वाट मी का पाहिली? तू नाही म्हणशील, अशी आशा होती म्हणून.

तू गेलास त्या दिवशी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं बोरीला परत पाठवतील, नाहीतर झरीला. त्या मला एवढंच म्हणाल्या की मला तुझे पाय लग्नातच दिसले व्हते, पोरी, मी काय आंधळी हाय का. तू भ्यालीस कुणाला? दादा, सोळा वर्षं ज्यांच्यापासून लपवलं त्यांना पहिल्या दिवशीच दिसलं होतं. हे मात्र अजून माझ्याकडे बघून बोलत नाहीत. भक्तीला उचलून घेतात आणि बाहेर नेतात.

काय करू ते सांग, असं तू विचारलं होतंस. काय करायचं ते तुला मी न सांगताच कळेल असं वाटलं होतं. आपल्या घरातून किती लेकी दिल्या गेल्या ते मी मोजत बसले. सगळ्यात आधी तुझीच आठवली. अर्पिता. मागच्या माघात सेलूला दिलीस, आता तिला पाचवा महिना आहे. काल तिला फोन लावला आणि विचारलं की तुझ्या बाबांनी तुला एक कागद दिलाय का. ती म्हणाली, कसला कागद, आत्या? भक्तीच्या पायांना नेमकं काय झालं, हेही तिला माहीत नव्हतं. औषध उलटलं, एवढंच तू सांगितलंस म्हणे.

मी तिला विचारलं, शेजारी कोण आहे. सासूबाई आणि मोठी जाऊ आहेत, भाजी निवडायला बसलोय, म्हणाली. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक. मग पहिल्यापासून सांगितलं. आबांचे पाय, तुझे, माझे, भक्तीचे. मॅडमकडून उतरवून घेतलेल्या यादीतली नावं एकेक वाचून दाखवली आणि तिच्या जावेला लिहून घ्यायला लावली. शेवटी तिच्या सासूबाईंनी विचारलं की बाळंतपणाच्या डॉक्टरला हे दाखवायचं का. मी हो म्हणाले.

तुला आता तिकडून फोन येईल. तुला ऐकू येणार नाही, म्हणून हे लिहून कळवते आहे.

जीव लावत जा असं लिहायची आपली पद्धत. तू जीव लावतोस यात मला कधी शंका नव्हती.

अंबिका