तुमचं पहिलं येणं

नायना, हे मी मराठीत लिहितेय. तेलुगू मला बोलता येतं, भांडताही येतं, पण लिहिता येत नाही. तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणजे तुम्ही असतात तरी हे पत्र कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, ते काम धाकट्या भावानंच केलं असतं, आणि यात जे आहे ते नेमकं त्याच्यापासूनच लपवायचं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आपल्या बापाला नायना म्हणणाऱ्या बायका आता सोलापूरच्या पूर्व भागातही कमीच उरल्यात, आमच्या मागची पोरं सरळ पप्पा म्हणतात. रविवारी तेलुगू पेपर घेऊन तुम्ही ओट्यावर बसायचात, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचात. ती अक्षरं तुम्हाला कुठून येत होती हे मी कधी विचारलं नाही. मागावरच्या एखाद्या सोबत्यानं शिकवली असतील असं धरून चालले. पुढं लोकांना प्रश्न विचारणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धाकट्याची मुलगी तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही गेल्यानंतर जन्मली. नाक तुमचं आहे, हट्ट अम्माचा. या वर्षी तिला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली आणि धाकट्यानं गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर पडताळणीचा कागद आला. आपल्या गटातून जागा मिळाली की जातीच्या दाखल्याची तपासणी होते, आणि त्यात आपलं घराणं सरकारनं ठरवलेल्या एका तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होतं याचा कागद द्यावा लागतो. आपण सोलापूरचेच, आपल्याला कागद कसला, असं धाकट्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, आणि मी तर स्थलांतराच्याच विषयात डॉक्टर झालेय.

चौकशीला एक साहेब घरी आले. भला माणूस. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं. धाकट्यानं पेटी उघडून सगळं पुढं मांडलं, तुमचं रेशनकार्ड, कारखान्याचं ओळखपत्र, घरभाड्याच्या पावत्या. सगळं तुमच्या लग्नानंतरचं. साहेब म्हणाले, याच्या आधीचं काही? धाकटा जरा घुटमळला, मग त्याचा चेहरा उजळला. देवाच्या फळीवर माझं पुस्तक असतं, अम्मा होती तेव्हापासून. त्यानं ते काढलं, बनियनला पुसलं आणि साहेबांच्या हातात दिलं. "साहेब, आमची बहीण डॉक्टर हाय. गोळ्यांची न्हाय, पुस्तकाची. आमच्याच घराण्यावर लिवलंय की." साहेबांनी पानं उलटली, एका पानावर थांबले आणि मोबाईलनं त्याचा फोटो काढला. त्या पानावर मी लिहिलंय की संशोधिकेचे वडील अमुक साली पत्नीसह तेलंगणातून सोलापुरात आले. ते साल सरकारच्या तारखेच्या पुढचं आहे. फार नाही, जरासंच पुढचं.

ते साल कुठून आलं हे तुम्हाला माहीत आहे. मी विद्यापीठाकडून कॅसेटचं मशीन घेऊन आले होते. समोरच्या खोलीत शेजारच्या मागांचा खडखडाट, म्हणून आपण स्वयंपाकघरात बसलो. तुम्ही अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होतात, जणू फोटोच काढायचाय. मशीनला तेलुगू कळतं का, असं तुम्ही विचारलंत आणि अम्मा भाकरी थापता थापता हसली. मी माझा छापील तक्ता काढला आणि पहिला प्रश्न विचारला, सोलापूरला कधी आलात? तुम्ही म्हणालात, "कुठलं येणं सांगू?" आणि मग बोटांवर मोजायला लागलात. तुमच्या बापानं आणलं ते एक. हिवतापानं अंग काळं पडलं म्हणून गावाला परत धाडलं. मिसरूड फुटताना मामाबरोबर आलात ते दुसरं. सुगीला परत. मग भावाच्या लग्नाला परत. मग स्वतःच्या लग्नानंतर अम्माला आणि पितळी हंड्याला घेऊन आलात ते शेवटचं. "आम्ही एकदा आलोच नाही गं," तुम्ही म्हणालात. "येत राहिलो." मी म्हटलं, नायना, रकाना एकच आहे. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "मग पहिलं लिही. माझ्या बापानं आणलं ते."

मी ते लिहिलं नाही. माझे मार्गदर्शक पुण्याहून आलेले, शिस्तीचे, त्यांचा एक ठरलेला उपदेश होता. आठवणी सगळ्यांकडं असतात बाई, आपण पुरावा आणायचा. पोरवयातल्या येण्याला पुरावा नव्हता. पण खरं कारण तेही नाही. यंत्रमाग वाढले तशी कुटुंबं इथं कायमची राहायला लागली, असं माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं म्हणणं होतं, आणि अम्माला आणि हंड्याला घेऊन आलेलं तुमचं शेवटचं येणं त्यात कसं छान बसत होतं. पहिलं येणं तक्ता बिघडवत होतं. म्हणून मी तुम्हाला लग्नानंतरचं सांगायला लावलं, आणि तुम्ही मुकाट्यानं सांगितलंत, भाड्याची खोली, पहिला मालक, सगळं. ते संपल्यावर तुम्ही पुन्हा पहिल्या येण्याकडं वळलात. मला हवं ते मिळालं होतं. मी बटण दाबून मशीन बंद केलं. तुम्ही बोलत राहिलात, मी वायर गुंडाळत, तक्ता तपासत हं हं करत राहिले. अम्मा मात्र हातातला उंडा तसाच धरून ऐकत होती. निघताना तुम्ही तुमच्या मागावरचा चौकड्याचा रुमाल आणून दिलात, कॅसेट यात गुंडाळ, धूळ बसते म्हणालात.

तुम्ही माझ्यावर ओरडलात असं मला एकदाच आठवतं. मी दहा वर्षांची होते, शाळेतून आल्यावर चरख्यावर धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं काम माझं होतं. सूत तुटलं की गाठ मारायची, पण मला खेळायला जायचं होतं, म्हणून मी नुसतंच नवं टोक वर ठेवून पुढं गुंडाळलं. सात-आठ कांड्या तशाच केल्या. दुसऱ्या दिवशी मागावर सूत मधेच सुटून धोटा रिकामा पळायला लागला. तुम्ही माग थांबवलात, मला शेजारी बसवलंत आणि त्या सगळ्या कांड्या उलगडायला लावल्या. गाठीला किती वेळ लागतो गं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होतात. मी रडत रडत कांड्या उलगडत होते.

पुस्तकाचं कौतुक झालं, तुम्ही पाहिलंतच. मी तुम्हाला एका चर्चासत्रालाही घेऊन गेले होते. तिथं स्थलांतरावर बोलायला सगळ्या विभागांची माणसं जमली होती. इतिहासवाल्यांना कागद हवा, समाजशास्त्रवाल्यांना तक्ता, भूगोलवाल्यांनी नकाशावर जाड बाण काढून आणलेले, आणि साहित्यवाल्यांना तर माणूस दोन भाषांमध्ये चिरडल्याशिवाय चैनच पडत नव्हतं. तुम्ही शेवटच्या रांगेत धोतर सावरून दिवसभर बसलात. परत येताना रिक्षात मी विचारलं, कसं वाटलं? तुम्ही म्हणालात, वांग्याची भाजी चांगली होती, पण यातल्या कुणाच्याच घरी पाव्हणे येत-जात नसतील. मला त्याचा राग आला होता, आता त्यात काही चुकीचं वाटत नाही.

मी साहेबांना जाऊन भेटले. सांगितलं की पुस्तकातलं साल शेवटच्या येण्याचं आहे, पहिलं त्याच्या कितीतरी आधीचं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पुस्तकही तुमचंच आहे ना? तुम्ही आता तोंडी सांगताय, तिथं छापून दिलंय. कागद आणा." मार्गदर्शकांचंच वाक्य, फक्त खुर्ची दुसरी. हेच वाक्य मी वर्गात पोरांना किती वर्षं ऐकवलंय. चहा पिऊन उठले.

मग कॅसेट आठवली. रुमालात तशीच होती. वाजवायला घरात मशीन नाही, म्हणून सात रस्ता चौकाजवळ एक म्हातारे मिस्त्री जुने रेडिओ, टेप दुरुस्त करतात त्यांच्याकडं घेऊन गेले. भर दुपारी, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि त्या टपरीवजा दुकानात अचानक मागांचा खडखडाट सुरू झाला. मग तुमचा आवाज. मी स्टूल ओढून मशीनजवळ बसले. आपली खोली, पहिला मालक, हंडा, सगळं ऐकलं, आणि मग ते आलं जे मी कधीच ऐकलं नव्हतं. तुम्ही म्हणता, "आता पहिलं ऐक. मी सात वर्षांचा. स्टेशनात उतरलो तेव्हा माझ्या काखेत कोंबडी होती. ज्या माणसासाठी ती आणली, त्यानंच मला इथल्या तेलुगू शाळेत आपल्या नावा..." आणि खट्. एवढंच. मिस्त्रींनी पट्टी पुढं पळवली, थांबवली, परत पळवली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "आपा, आगे कुछ नई. पट्टी तो भौत बाकी है, बस आवाज भरेच नई तुमे."

शाळा, नायना. तुम्ही शाळेत गेला होतात. ती अक्षरं तिथली होती. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक ओळ असेल, तुमच्या नावाची, सालासकट, आणि तेवढ्या एका ओळीवर तुमची नात डॉक्टर होईल. गेले दहा दिवस मी पूर्व भागातल्या एकेका जुन्या शाळेत जातेय. दोन तर कधीच बंद पडल्या, त्यांची रजिस्टरं कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही. बाकीच्या ठिकाणी हेडमास्तर अदबीनं बसवतात, फडक्यात बांधलेली रजिस्टरं काढतात आणि विचारतात, पालक म्हणून नाव कुणाचं लावलं होतं? तुमच्या बापाचं नाव सांगून पाहिलं, सापडत नाही. तुम्ही "आपल्या नावा" म्हणालात, म्हणजे त्या माणसाच्या नावावर घातलं असणार. तो कोण? मालक? गाववाला? नातलग? अम्मानं त्या दिवशी सगळं ऐकलं होतं, पण अम्माही गेली. थोरले काका गेले. तुम्ही ते नाव माझ्या समोर बसून, हातभर अंतरावरून, स्पष्ट सांगितलंय, आणि मी हं हं म्हटलंय. मी रोज डोळे मिटून ते स्वयंपाकघर आठवते. तव्यावरची भाकरी दिसते, तुमचे ओठ हलताना दिसतात, वायर कशी गुंडाळली तेही आठवतं. तुमचा शब्द एकही ऐकू येत नाही.

मुदतीला चार दिवस उरलेत. पोरगी रोज मला फोन करते, आत्या, आज कुठली शाळा? तिच्या आवाजात अजून भरवसा आहे आणि मला तो सहन होत नाही. धाकटा तर याहून वाईट. चिडला असता तर बरं झालं असतं. परवा जेवताना मी म्हटलं, माझ्याच पुस्तकानं घात केला. तर ताटात बघत म्हणाला, "नायना सांगायचे ल्हानपणी आलो म्हणून. पर तू शिकलेली, चौकशी करून लिवलंस. तुजंच खरं आसंल की." तुमच्या शब्दापेक्षा त्याला माझं छापलेलं खरं वाटतं. त्याला मी काय समजावू आणि कुठल्या तोंडानं?

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. घडी घालून कॅसेटबरोबर तुमच्या त्या चौकड्याच्या रुमालात ठेवणार आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मिस्त्रींच्या दुकानातून घरी आले तेव्हा धाकटा आणि पोरगी दोघंही दारातच उभी होती. मी शाळेपर्यंतचं सगळं सांगितलं. धाकट्यानं विचारलं, कोंबडीच्या, शाळेच्या पुढं काय म्हणाले नायना? मी म्हटलं, तिथंच कॅसेट संपली रे. तो माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाला, "तवाच्या कॅसेटी ल्हानच आसायच्या, तू तरी काय करणार."

ती नव्वद मिनिटांची होती, नायना.