बिबवेवाडीचे घर आणि कलम ४५

मी, प्रियदर्शनी रामचंद्र वांगीकर, वय ६१, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे लिहून ठेवते. दडपण आणून पाहिले गेले. तपशील पुढे येईल.

कलम १०. कलमांना दहा-दहाने आकडे का, असे वकीलबाईंनी विचारले. १९८७ साली मी टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक घेतला. त्यावर प्रोग्रॅम लिहिताना ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे देत, म्हणजे मागाहून सुचलेले मध्ये घालता येई. पहिल्याच फटक्यात सगळे सुचले असे समजणाऱ्यांचे प्रोग्रॅम चालत नसत.

कलम २०. औषधपाण्यातून काही ठेवी उरल्याच, तर त्या माझ्या शाळेला द्याव्यात. नावाची पाटी लावू नये.

कलम ३०. संगणक, टेपरेकॉर्डर व प्रोग्रॅमच्या कॅसेटी धाकटी बहीण कौशल्या हिला. भाचा तेजस हिंजवडीत नोकरीला आहे. प्रोग्रॅमिंग तो माझ्याच टीव्हीसमोर शिकला, पण स्वतःच्या लग्नात "सगळं बाबांमुळे" असे सांगत फिरला. बाबा म्हणजे आमचे थोरले बंधू उत्तरेश्वर. त्यांचे योगदान एवढेच, की यंत्र घरी आले त्या दिवशी ते म्हणाले, "तुझ्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांत खेळणं आणलंस?" तेजसला माझे आशीर्वाद. तेवढे पुरावेत.

कलम ३५ (मागाहून घातलेले). यंत्र कौशल्यालाच का, तेही सांगते. सासर कायमचे सोडून ती माझ्याकडे आली तेव्हा कोणाशी बोलत नसे. तिच्यासाठी मी मजकूर लिहायचा एक साधा प्रोग्रॅम केला. पडदाभर ओळी मावत. पुढची लिहिली की सर्वांत वरची कायमची जाई. मी ते सुधारणार होते. कौशल्या म्हणाली, "राहू दे ताई. जातंय तेच बरंय." रोज दुपारी ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून काढी आणि बटण बंद करी. काय लिहिले, ते मी कधी विचारले नाही. दिवाळीच्या सुमारास एकदा जेवताना आपणहून म्हणाली, "आज आमटीत मीठ जास्त पडलंय." मला इतका आनंद पुढे कशानेच झाला नाही.

कलम ४०. राहते घर माझ्या पश्चात कौशल्याला तहहयात राहण्यास व नंतर तेजसला.

कलम ४५ (मागाहून घातलेले). कलम ४० रद्द. गेल्या रविवारी बंधू आले. कौशल्या पोहे देत असताना तिच्यादेखत मला म्हणाले, "तुझ्यामागे हिची वारज्याला एका आश्रमात सोय बघतो. फ्लॅट आत्ताच तेजसच्या नावावर कर." कौशल्या एवढेच म्हणाली, "दादा, पोहे गार होतायत." सबब घर संपूर्ण मालकीहक्काने कौशल्याला. विकावे, भाड्याने द्यावे, की बंधूंना दारातूनच वाटेला लावावे, ही तिची मर्जी.

कलम ५०. हे सर्व कौशल्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पण ताई, तू गेल्यावर मी बोलू कुणाशी?" यावर मी पुष्कळ विचार केला. वकीलबाईंनाही विचारले. तरतूद करता आली नाही. रडू आले, तेही येथे नोंदवते.

सही: प्रियदर्शनी रा. वांगीकर

साक्षीदार:
१. मालनबाई शितोळे, शेजारीण
२. डॉ. श्याम गोडसे

कौशल्या लाभार्थी असल्यामुळे तिची सही घेतली नाही. सह्या होईपर्यंत ती माझ्याजवळ बसून होती.

पुणे, १२ नोव्हेंबर २००७