चाकूवरची जास्वंद

अण्णा, सकाळपासून दारात एक बाई बसली आहे. तिच्या पदरात लिंबू बांधलेलं आहे, इथून मला गाठ दिसते. दोनदा सांगितलं, बाई, घरी जा, मला काही येत नाही. ती हसली न् म्हणाली, "बसते की माय, तुमचं काम होऊ द्या." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मला तुमचा राग आलाय. ती उठेपर्यंत लिहीन म्हणते.

तुम्ही मास्तर होतात त्या शाळेच्या गॅदरिंगचे दिवस आठवतात. विकत मिळणाऱ्या जादूच्या सामानाचं ते चकचकीत पुस्तक घेऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचात आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायचात. "पाणी गिळणारा लोटा म्हणे! लोटा आपल्याकडं हाय, गिळायला काय घालावं ते सांग." मग लोट्यात शेतातला कापूस. तो नुसता कोंबला तर पाणी पीत नाही, म्हणून तुम्ही तो धुण्याच्या सोड्यात उकळायचात आणि आई कावायची, "माझ्या भाताच्या पातेल्यात हे काय शिजायलंय?" छत्रीच्या कापडातून ओढलेला काळा दोरा, त्यावर पत्त्याचं पान आपोआप चालायचं. एका हाताला हळद, दुसऱ्याला तुमच्या पानाच्या डब्यातला चुना, टाळी वाजवली की दोन्ही हात लालभडक. आणि जास्वंद. पाकळ्या चाकूवर चोळायच्या, वाळू द्यायच्या, त्या चाकूनं लिंबू चिरलं की रक्त. पोरं किंचाळायची. तुम्ही म्हणायचात, जादूचं दुकान घरातच असतं, फक्त घरच्या बाईला विचारून घ्यावं लागतं.

पण टाळ्या थांबायच्या आत तुम्ही सगळं उघडून दाखवायचात. लोट्यातून कापूस ओढून काढायचात, चाकू आणि फूल पोरांच्या हातात द्यायचात. एका वर्षी मी घरी येऊन रडले होते. एवढ्या टाळ्या पडल्या होत्या, मग कामून सांगितलं? तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी हातातला तांब्या आपटलात. "न उघडलेली जादू घरात ठिवायची न्हाई. टोपलीत साप ठिवून निजल्यासारखं हाय ते." मी गुमान जेवायला बसले. त्याच जास्वंदीची फांदी मी सासरी आणून लावली, तुम्हीच ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती.

आता इथलं ऐका. माझ्या धाकट्या जावेला फिट येतात. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या अचानक बंद करू नका म्हणून बजावलं, आणि ती चांगली राहिली. उन्हाळ्यात एकदा पुन्हा फिट आली तशी घरात कुजबुज सुरू झाली, हे बाहेरचं हाय. दीर तिला पूर्णेच्या पुढं एका शेतात बसणाऱ्या महाराजाकडं घेऊन निघाला. मी आणि सासूबाई बरोबर होतो. महाराजानं तिच्यावरून लिंबू उतरवलं, चिरलं, लाल रस गळला. माणसं हात जोडून मागं सरकली. मी चाकू बघत होते. पात्यावर निळसर जांभळा डाग. मला हसू आलं, अण्णा, देवाशप्पथ, मी तोंडात पदर कोंबून हसले. महाराज डोळे मिटून म्हणाला, घरातल्याच बाईनं केलंय. गोळ्यांनी ते आत कोंडून बसतंय, गोळ्या फेका.

घरी आल्या आल्या मी तुमची लेक झाले. परसात सगळ्यांना बसवलं, सगळ्यांदेखत फूल तोडलं, चाकूवर चोळलं, वाळवलं, लिंबू चिरलं. लाल. "बघा! फूल हाय नुसतं! त्या मेल्यानं येडं बनवलं तुमाला." मी टाळ्यांची वाट बघत उभी राहिले. सासूबाईंनी धाकटीच्या पोराला माझ्याजवळून ओढून मांडीत घेतलं. दीर हळूच म्हणाला, "वयनी, हे तुमाला कवापासून येतंय?" "लहानपणापासून!" मी फुशारकीनं म्हणाले. अगं बया, त्या एका शब्दानं घात केला! जाऊ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अक्का, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

त्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर गेल्या. मी वेचून आणल्या, तर माझ्या हातचं पाणीसुद्धा ती घेईना. पंधरवडाही झाला नसेल, ती भाकरी करता करता चुलीवर पडली. हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून आणली तरी फिट येतच राहिल्या, एकीतून बाहेर पडायच्या आत दुसरी. दवाखान्यातल्या गोळ्याही दिरानं फेकल्या. पोर दारात उभं राहून बघायचं. नवऱ्याला म्हटलं, अहो, बोला की तुमच्या भावाला. ते खाली मान घालून म्हणाले, "तू ते लिंबाचं करायला नको होतंस." माझा जीव नुसता तडफडायचा. ही बाई आमच्या डोळ्यांदेखत मरणार होती आणि औषध माझ्या पदरात होतं.

मग एका दुपारी सासूबाई आल्या. ज्या बाईनं मला कधी बस म्हटलं नाही, ती माझ्या पायाशी बसली. हातात लिंबू. "तूच घातलंस, तूच काढ. माज्या लेकराचा संसार हाय."

मला त्यांना सांगायचं होतं, आई, फूल आहे नुसतं. ते सांगून झालं होतं, अण्णा. तुमच्यासारखं उघडून, हातात देऊन सांगून झालं होतं. मी आत गेले, चाकूवर पाकळ्या चोळल्या. या खेपेला दार लावून. जावेवरून लिंबू उतरवलं, चिरलं, लाल धार तिच्या पायाशी पडू दिली आणि म्हणाले, "गेलं. पण मुळं ऱ्हायलीत. ह्या गोळ्या रोज माज्याच हातून घ्यायच्या. एक चुकली की ते परत आलंच म्हणून समज." तिनं लहान लेकरासारखं तोंड उघडलं.

तेव्हापासून गोळी चुकलेली नाही आणि फिटही आली नाही. डॉक्टर खूश आहेत. जाऊ माझ्यासमोर डोळे वर करत नाही, पोर मी अंगणात आले की आत पळतं. हे मी सोसलं असतं. पण बातमी गावाबाहेर गेली आणि लिंबं यायला लागली. मागच्या गुरुवारी एक बाई आली होती, तिचं लेकरू सारखं आजारी. म्हणाली, "कुणी केलंय तेवढं नाव सांगा, बाकीचं आमी बघतो." मी म्हटलं, मला नावं कळत नाहीत. तिनं स्वतःच तिच्या जावेचं नाव घेतलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी गप्प बसले. ती "कळलं" म्हणून उठली. मी फाटकापर्यंत तिच्या मागं गेले, अगं, तसं काही नाही म्हणत. तिनं मागं वळून पाहिलं नाही. आज दारात बसलेली बाई त्याच गावची आहे. काय झालं तिकडं, हे विचारायची मला छाती होत नाही.

सगळं उघडून टाकावं तर उद्यापासून जावेच्या गोळ्या बंद. तुमच्याकडं याला काही उत्तर होतं का? असलं तर ते तुम्ही मला शिकवलं नाही. हा कागद लिहून झाला की चुलीत घालणार आहे, पाठवणार तरी कुठं?

मघाशी कोयता घेऊन परसात गेले होते, जास्वंद बुडापासून तोडायची म्हणून. परत आले तेव्हा कोयता तिथंच राहिला होता आणि पदरात फुलं होती. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. सासूबाई पायाशी बसल्या होत्या, लिंबू लाल झालं आणि सगळं घर श्वास धरून गप्प झालं, तेव्हा मला बरं वाटलं, अण्णा. लय बरं वाटलं.