कस्तुरा आत्याच्या दाढा

औरंगाबाद,
८ डिसेंबर १९९३

प्रिय आई,

मनूचा वाकून नमस्कार. मी इकडं मजेत. मेसचं वरण अजून पातळच. बाबांचा खोकला थांबला का? जिंतूरला थंडी पडली असेल.

आई, आज लय भारी झालं! कस्तुरा आत्या आमच्या डेंटल कॉलेजला आली. तिचं नाव आलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढं वाच.

मागच्या आठवड्यात सर शिकवायले होते, की हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यावर काढता-घालता येणारी कवळी बटणासारखी अडकवायची. मी ताडकन उठले, "सर, माझ्या आत्याच्या तोंडात आहे!" सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "मग आणा त्यांना."

नऊ वर्षांपूर्वी मुंबईत दिराकडं असताना तिनं खालच्या दाढा तशा बसवून घेतल्या, ते तुला माहीतच आहे. आज सरांनी एक्सरे दोनदा बघितला. दोन्ही स्क्रू घट्ट, हाड जागच्या जागी. कवळी मात्र झिजलीय, आता नवी करावी लागेल. सर म्हणाले, ती झिजतेच, पण तंबाखू-मिसरी असली तर स्क्रूसुद्धा जातात. "तुम्ही मिसरी सोडली होती?"

"तवाच सोडली की."

"आत्या, खोटं नको बोलू!" मी म्हणाले. "दुपारी तुझ्या गावी ओट्यावर बायकांत बसून घासायचीस. मी बघितलंय."

"ती मिसरी न्हाई गं येडे. करपल्या भाकरीची भुकटी हाय. डबी न्हाई उघडली तर बाया म्हनत्यात, मुंबईला जाऊन लय शानी झाली. मंग मी बसावं कुठं?"

आई, नऊ वर्षं! कुणाला पत्ता नाही. वर दरवर्षी मनमाडला गाडी बदलून एकटी मुंबईला जायची तपासायला. आमच्या वर्गात एवढी जिद्द कुणात नाही, माझ्यात तर नाहीच.

सरांनी विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी, मावशी?"

"हुरडा खायाचा व्हता, साहेब."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याच वर्षी आपल्या शेतात हुरड्याला तू बायकांत म्हणाली होतीस, "कुंकू गेलं, अन् हिला दाताची हौस." तिनं ते ऐकलं होतं, आई. म्हणून ती परत आपल्याकडं आली नाही.

कँटीनमध्ये तिनंच विषय काढला. "वैनी अजून भाकर दुधात कुस्करून खाती का गं?"

मी आधी नाही म्हणाले. मग खरं सांगून टाकलं. तू चारचौघांत जेवतच नाहीस, मामाकडच्या लग्नातूनसुद्धा उपाशी आलीस. आत्यानं चहाचा कप बाजूला सारला.

"बोलाव तिला. नवी कवळी होईस्तोवर मी हाय इथं."

"अन् ती तुझ्याशी बोललीच नाही तर?"

"डाक्टरनं तोंडात एवढं सामान घातल्यावर कोन बोलतंय? मीच बोलन."

सर हमी देत नाहीत. आधी तुझं हाड बघतील, आणि मिसरी सोडावीच लागेल. तुझ्या दाढांबद्दल मी त्यांना तुला न विचारता सांगितलंय, त्याचा राग माझ्यावर काढ.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ये. बाबांना आणू नकोस, त्यांच्यासमोर तू तोंड उघडणार नाहीस. स्टँडवर मी येणार होते, पण आत्या म्हणाली, मीच जाईन.

उत्तराची नाही, तुझीच वाट बघणारी,
मनू