पानात ठेवायचं सूप

आई, काल बाबांचा फोन आला. रविवारी तुझी तिथी. या वर्षी तुझ्या पानात वरणभात आणि अळूवडीबरोबर 'ते जपानी सूप' ठेवायचं त्यांनी ठरवलंय. "शेवटी तेवढंच जायचं तिला. तूच कर, मला नाही जमणार," म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हापासून तीनदा फ्रीज उघडून काही न घेता बंद केलाय.

पहिल्यांदा ते सूप तू हॉस्पिटलसमोरच्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये प्यायलीस. सस्काटूनमध्ये त्या दिवशी उणे तीस होतं, आणि बाबा पार्किंगमधली कार गरम करून आणेपर्यंत आपण दोघी आत बसलो होतो. केमोमुळे आठवडाभर तुझ्या पोटात काही टिकत नव्हतं. समोर वाटी येते: गढूळ पिवळसर पाणी, टोफूचे चौकोन, कांद्याची पात. "यात मासेबिसे नाहीत ना गं?" तू विचारतेस. "मिसो आहे, आंबवलेलं सोयाबीन," मी वेटरला न विचारताच सांगते. तू वाटी रिकामी करतेस आणि म्हणतेस, "कटाच्या आमटीची लांबची बहीण दिसते."

घरी येऊन मी वाचलं. मिसो नंतर घालतात. खाली असतं ते दाशी नावाचं पाणी, आणि ते बहुतेकदा कोंबू आणि कात्सुओबुशीचं. कोंबू म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन वाळवलेला, लाकडासारखा कडक झालेला मासा, पातळ तासलेला. वीस वर्षं कॅनडात राहून तू माझ्या अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं ठेवत होतीस. म्हणून मी नुसता कोंबू आणि वाळलेले शिताके मश्रूम आणले. खळखळून उकळी आल्याशिवाय आमटीखालचा गॅस बंद करायचा नाही, हे तूच शिकवलेलं. मी कोंबूला तशीच उकळी दिली, मग मिसो घालून पुन्हा दिली. पट्टी बुळबुळीत झाली, पाणी कडवट. तू एक घोट घेऊन वाटी खाली ठेवलीस. "सतरंजी भिजवलीस का यात? तुमच्या फूड सायन्समध्ये चव शिकवतात की नुसती मोजतात?" बाबा हसले. मी वाटी उचलून सिंकमध्ये ओतली.

दुसऱ्या दिवशी मी माशाचं पाकीट आणलं. दाशी गाळून घेतली आणि चोथ्याची पिशवी लगेच बाहेरच्या डब्यात टाकून आले. तू सगळं प्यायलीस, वाटी बोटानं पुसलीस. "आज जमलं. काय घातलंस?"

"समुद्रातलं शेवाळ." तेही होतंच त्यात.

"ऐकलंत का, पोरीनं मला शेवाळ खायला लावलं," तू बाबांना सांगितलंस. त्यानंतर सात आठवडे, रोज, तू तेच प्यायलीस.

नऊ वर्षं झाली. मी आता वाटाण्याच्या प्रथिनांवर काम करते, आणि एकाच नमुन्यावरून अहवालात आकडा लिहायचा नाही हा आमच्या लॅबचा पहिला नियम आहे. आज सकाळी कोंबू आणि शिताके गार पाण्यात भिजत घातले. संध्याकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आधी पट्टी काढली, गॅस बंद करून मिसो कालवलं. चव घेतली. चांगली होती. खात्री करायला आणखी दोनदा घेतली आणि मग किचनमध्ये बसवेना.

रविवारी पान वाढण्याआधी मी बाबांना माशाचं सांगणार आहे. ते "तिच्या पोटात गेलं ना" म्हणतील, किंवा वाटी बाजूला ठेवतील. दोन्हीची तयारी करून पाहिली, कुठलीच होत नाही. पण ते काहीही म्हणाले तरी, माशाशिवाय तुला जात नव्हतं असं मी सांगू शकत नाही, जरी इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले. कोंबूचं मी दुसऱ्यांदा करून पाहिलंच नाही. मला तुझा राग आला होता, आणि काहीही करून तुझ्याकडून 'जमलं' म्हणवून घ्यायचं होतं. एवढं बाबांना सांगणार नाही. ते इथं लिहिलंय, आणि हा कागद मी कुणाला दाखवणार नाही.