पाकोळ्यांच्या बेटावर

आये, मी समुद्रात जाऊन आले. पार आत, जिथून जमीन धुरकट रेघेसारखी दिसते. तू गेलीस तेव्हा माझी लेक रांगत होती, आता ती नोकरी करते. तिला सांगून झालं, कॉलेजातल्या बायकांना सांगून झालं, पण सांगायचं होतं ते तुला.

अर्नाळ्याला मी एकदा बाबांच्या होडीत चढून बसले होते. तू बोंबील वाळत घालत होतीस. ओल्या हातानं दंड धरून मला खाली ओढलंस. "बाईनं होडीत पाय नाय ठेवायचा. दर्या बापयांचा हाय." मी विचारलं, मग आपला काय? "आपला किनारा," म्हणालीस आणि पुन्हा बोंबील लावू लागलीस. जन्मभर दर्याचं विकलंस, खाल्लंस, त्याच्यावर कधी गेली नाहीस.

पाखरं मोजणाऱ्या मंडळींबरोबर मी गेले, वेंगुर्ल्याच्या बाजूच्या खडकबेटावर. पाखरांसाठी राखून ठेवलेलं बेट, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. वारा धरला तशी तांडेलानं इंजिन बंद करून शीड उभारलं. आवाज थांबला आणि होडी नुसती पाण्यावरून सरकू लागली. आये, बाबा रोज हे पाहत होते आणि घरी येऊन गुपचूप जेवत होते!

बेटावर झाड नाही, धक्का नाही. काळा खडक आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. तांडेल ओरडतो, "बाई, लाट वर इली काय उडी मारा, मगे थांबू नकात!" लाट होडीला उचलते, मी उडी मारते आणि खडकाला दोन्ही हातांनी मिठी घालते.

मग गुहा. आत मिट्ट काळोख, आणि त्यात चहूकडून टिकटिक. पाकोळ्या! त्या आवाजाच्या पडसादावर वाट काढत शेकडो पाखरं माझ्या कानांजवळून जातात, एकही धडकत नाही. बॅटरीच्या मंद उजेडात दिसतात भिंतीला स्वतःच्या लाळेनं चिकटवलेली घरटी, वाटीएवढी. एकात उघडं गुलाबी पिल्लू. आई चिमूटभर, पण हलली नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. किती वेळ उभी होते, ठाऊक नाही.

तू वाचणार नाहीस. वाचता तुला येतही नव्हतं. तरी एक सांगते, तांडेलाला कळलं असतं तर त्यानं मला होडीत घेतलंच नसतं. मी कोळ्याची पोर, पण मला पोहता येत नाही.