घशात काही नव्हतं

मी धाकट्याचा हात नळाखाली धरून ठेवला आहे, बाबा, आणि तो ओढून घेतोय. कोपरापर्यंत साबण लावला आहे, कपड्यांचाच. दुसरा हाताशी नव्हता. पंधरा मिनिटं धुवायचं असतं, आत्ताशी सहा झाली आहेत. "सोड ना वं ताई," तो म्हणतो, "बाळंतिणीचं पोर धुतल्यावानी धुऊन राह्यली." तुम्ही गेलात तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता चाळिशीला आला. कापूस वेचून त्याच्या पेरांना भेगा पडल्या आहेत, नखांजवळ बोंडांचे ओरखडे आहेत, आणि तासाभरापूर्वी हाच हात कालवडीच्या घशात होता.

मी दिवाळीच्या सुटीत यवतमाळहून गावी आले आहे. कालवड दोन दिवसांपासून खात नव्हती. तोंडातून लाळेची तार, हंबरणं घोगरं, पाणी पुढे ठेवलं तर तोंड घालायची आणि तसंच बाहेर काढायची. त्यानं दाढांमध्ये बांबूचा तुकडा आडवा घातला, जीभ एका बाजूला ओढली आणि हात आत घातला. काही सापडलं नाही. चहा पिताना म्हणाला, "आलू अडकला असन. गेला खाली." मग सहज, बिस्किट बुडवता बुडवता: "महिना झाला, रानात कुत्र्यानं थोबाडाले धरलं होतं तिच्या. तवापासून भेदरेलच हाय." मी कप खाली ठेवला आणि त्याचं मनगट धरलं.

तुम्ही असाच हात घालत होतात. पांढरकवड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर; पण झरीकडून लोक गाय घेऊन यायचे ते डॉक्टरांकडे नाही, तुमच्या हातासाठी. बारीक, लांब हात. सुटीच्या दिवशी मी शिंगं धरायला असायचे. एकदा गाईनं मान झटकली आणि मी मागे सरले, तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "भेतं कायले? गाय हाय, वाघ नाही." घशातून आख्खा बटाटा निघाला होता त्या दिवशी. तुम्ही तो मला दाखवलात आणि चुना पुसावा तसे हात धोतराला पुसलेत. कुत्रा चावलेल्या माणसाला तुम्हीच दटावून सुया घ्यायला पाठवायचात. गाय चावत नाही. म्हणून तिच्या लाळेचं भय तुमच्या लेखी कधी नव्हतंच.

आणि तेव्हाचं स्वयंपाकघर. तुम्ही पाटावर बसला आहात. डावा हात आठवडाभर मुंग्या आल्यासारखा होतो आहे. आई पाण्याचा गिलास देते. तुम्ही तो ओठांपर्यंत नेता, मान आखडते, पाणी अंगावर सांडतं. आई हसते. म्हणते, लहान पोर झाले काय. तुम्ही पुन्हा प्रयत्न करता आणि मग गिलास तुमच्याकडे येताना पाहूनच मागे सरता, भिंतीपर्यंत. चौथ्या दिवशी तुम्ही नव्हतात.

मी मराठी शिकवते. विषाणूंबद्दल मला जे कळलं ते इतक्यातच, कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांनी एक पाठ भाषा तपासायला दिला म्हणून. मी त्यातल्या वेलांट्या सुधारत होते आणि एका परिच्छेदाशी थांबले. हात धुऊन झाल्यावर तेच मी त्याला सांगू लागले. की त्या विषाणूला एकट्याला काही करता येत नाही. खाता येत नाही, वाढता येत नाही. सगळं आपल्या पेशीकडून करून घ्यावं लागतं.

"म्हणजे आपल्याच चुलीवर भाकरी थापते?"

"आपल्याच."

"अन् पीठ?"

"पीठ बी आपलंच."

"मग थो आणते काय, फुकट्या?"

"चिठ्ठी. माह्यासारखा दुसरा कसा करायचा, एवढीच. ते बी उलटी लिहिलेली, आपल्या पेशीले वाचता येत नाही. म्हणून सुलटी करून देणारा कारकून संगं आणते."

तो हसला. मीही हसले असते. पण पुढचं सांगायचं होतं. मांसात थोडा वाढतो, मग मज्जातंतूच्या टोकाला चिकटून आत शिरतो. तंतूच्या आत पेशी स्वतःचं सामान वरखाली वाहत असते, त्या वाहतुकीत बसून तो मेंदूपर्यंत जातो. आठवडे लागतात, कधी महिने. तेवढ्याच दिवसांत सुया उपयोगाच्या. तंतूत शिरला की त्या सुयांनी तयार झालेलं रक्तातलं संरक्षण त्याच्यापर्यंत पोचत नाही. मेंदूतून तो लाळेच्या ग्रंथींत उतरतो, आणि त्याच सुमाराला गिळणं बंद पडतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. त्याला हेतू नसतो, असं पाठात स्पष्ट लिहिलं होतं. तरी मला तुमचा हात दिसत राहिला.

"मले कुठं कुत्रा चावला?" तो म्हणाला. "उद्या वेचणीले बाया येऊन राह्यल्या. सुया घेत बसू काय? बाबानं हजार गाईईच्या घशात हात घातला."

तेव्हा मी सांगितलं. डॉक्टरांनी मला आणि आईला व्हरांड्यात बोलावून रेबीज सांगितला होता. आई म्हणाली होती, लहान्याले सांगू नको, गावातही नको, त्यायच्या हाताचं नाव आहे. म्हणून सगळ्यांना सांगायला 'डोक्यात ताप गेला'. आई गेल्यावरही मी तेच चालू ठेवलं. लोक त्याला म्हणायचे, हात बापाचा आहे, आणि मी ऐकून घ्यायचे. खरं तर मला लाज वाटत होती, बाबा. जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस यानं मरावा, याची.

त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "तीस-बत्तीस वर्सं, ताई. अन् मी घालतच राह्यलो हात." मी तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. सकाळी आठला या म्हणाले. वेचणीच्या बायांना त्यानंच निरोप धाडला. मग दारातून मागे वळून विचारलं, "बाबाले माहीत होतं काय?"

मी नाही म्हणाले.

शेवटच्या दुपारी तुम्ही मला जवळ बोलावून विचारलं होतं, घशात काही न सापडलेल्या त्या गाईचं काय झालं. मी म्हणाले, मेली, दोन महिने झाले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. हे त्याला सांगणार नाही. हे पत्रही त्याच्या हाती लागू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पहिली सुई दिली, आणि बोटांच्या भेगांमध्येही तयार संरक्षणाचं औषध टोचलं. आम्ही दवाखान्यातच होतो तेव्हा शेजाऱ्याचा फोन आला. कालवड मेली होती.